सावली पायात आली की खाली उतर

प्रिय पोरी,

१४ मेला भरदुपारी पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायातच नाहीशी होते; ती शून्य सावली बघायला ऑफिसातून खाली उतर, असं मी तुला कळवलं होतं. त्यावर तुझा मेसेज पोचला. “सर, १४ मेला रिलीज आहे, साडेबाराला कॉल आहे. आणि खरं सांगा, त्या शून्य सावलीचा उपयोग काय?” सरळ विचारलंस म्हणून सरळ सांगतो. उपयोग काही नाही. पगार वाढणार नाही, रेझ्युमेत एक ओळही वाढणार नाही.

तरी खाली उतर.

कर्कवृत्त साडेतेवीस अंश उत्तर, हे तू शाळेत पाठ केलंस, गाळलेल्या जागेत भरलंस, गुण घेतलेस आणि पान उलटलंस. २१ जूनच्या सुमारास सूर्य तिथवर पोचतो, आणि आख्खा महाराष्ट्र त्या रेषेच्या दक्षिणेला आहे. म्हणजे जाता-येता तो आपल्या बरोबर डोक्यावरून जातो. कोल्हापुरात ६-७ मे, साताऱ्यात १०, पुण्यात १३-१४, नाशकात २०, नागपुरात २६. रोज वीस-पंचवीस किलोमीटर, अगदी दिंडीच्या चालीने. जुलैअखेरीस तो पुण्यावरून परत फिरतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. दिल्लीकराला हे त्याच्या अंगणात कधीच दिसायचं नाही. लंडनचं तर नावच नको. आपल्याला फुकट मिळतं, आणि नेमक्या त्या वेळी आपण एसीत बसून नॉर्दर्न लाइट्सच्या टूरचा ईएमआय किती बसेल ते बघत असतो. तुमच्या ऑफिसात मन शांत करायला स्पीकरवर समुद्राची गाज ऐकवतात म्हणालीस. असो.

जेवणाचा डबा घेऊन सव्वाबाराला खाली ये. उभ्या कडांचा स्टीलचा हवा, निमुळता नको. सपाट फरशीवर उन्हात ठेव. पश्चिमेच्या अंगाला करंगळीच्या नखाएवढी सावली दिसेल. ती बघत राहा, फोन खिशात. ती आत आत सरकत जाईल, आणि १२:३१च्या आसपास डबा असा दिसेल की जणू कुणी चित्रातून कापून फरशीवर चिकटवलाय. स्वतःकडे बघ: सावली बुटांभोवती गोळा झालेली. दोनचार मिनिटांत पूर्वेकडून बारीक काळी कड बाहेर यायला लागते. ती कड सरकताना दिसते ती पृथ्वी फिरते म्हणून, आणि हे तुला नुसत्या डोळ्यांनी दिसतंय. सूर्याकडे मात्र थेट बघू नकोस.

आता तुझ्यातल्या इंजिनिअरसाठी. तुझी ती मैत्रीण दिल्लीत युपीएससी करतेय ना? तिला त्याच दिवशी एक मीटरची काठी उभी करायला सांग. काठी ओळंब्यात हवी; शेजारच्या बांधकामावर गवंडीदादा दोन मिनिटं ओळंबा देतील, वर चार प्रश्नही विचारतील. तिच्याकडे सावली सर्वांत आखूड होईल ती १२:१७-१८च्या सुमारास, तेव्हाच मोजायची. साधारण १८ सेंटिमीटर भरेल. त्यावरून तिथे सूर्य डोक्यावरून किती कललाय तो कोन निघतो, दहा अंशांच्या आसपास. पुण्यात तो शून्य, म्हणजे दोन शहरांमधला फरक दहा अंशांचा. नकाशावर पुणे ते दिल्ली सरळ उत्तर-दक्षिण अंतर मोज, रस्त्याचं नाही. ते ११२० किलोमीटरच्या जवळपास येतं. दहा अंशांना एवढं, तर ३६० अंशांना किती? सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमध्ये हेच त्रैराशिक मांडून पृथ्वीचा परीघ काढला होता. आस्वानला सूर्य डोक्यावर, अलेक्झांड्रियाला वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा कललेला. त्याच्याकडे उपग्रह नव्हता, तुझ्याकडे आहे. तरी तू एकदा काठीने काढ.

ही युपीएससीवाली पोर “सिलॅबसमध्ये आहे का?” असं विचारेल. भूगोलात आहे, असं बिनधास्त सांग.

कॉलचं म्हणशील तर वीस मिनिटं पुढे ढकल. दाताच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे म्हटलं की कुणी कारण विचारत नाही. सावली बघायला जातेय म्हटलंस तर हसतील. तू सावलीच सांग. दोघे-तिघे मागोमाग लिफ्टमध्ये शिरतील, पैजेवर सांगतो.

आकडा चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास यायला हवा. फार हुकला तर आधी ओळंबा तपासा, मग तिने सावली किती वाजता मोजली ते विचार. दोघींची मापं मला पाठव, मी वहीत मांडून बघतो.

तुझे,
सर