आधी रक्तवाहिनीकडे बघ

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. मेंदूच्या पुढच्या खंडातली गाठ, आयडीएच१ जनुकातला आर१३२एच बदल पॉझिटिव्ह, एटीआरएक्स हे केंद्रकातले प्रथिन ‘गेलेले’, वाढत्या पेशी दाखवणारी की-६७ खूण आठ टक्के. आणि या आठ टक्क्यांमुळे ग्रेड, म्हणजे गाठीच्या आक्रमकतेची पायरी, २ लिहायची की ३, एवढाच तुझा प्रश्न. पण जिथे अडखळायला हवे होते तिथून तू सरळ पुढे गेलीस. एटीआरएक्स गेले, हे तू कशावरून ठरवलेस? तू पाठवलेल्या छायाचित्रांत रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींची केंद्रकेसुद्धा निळीच आहेत, प्रथिन असल्याचे दाखवणारा तपकिरी रंग कुठेही नाही. त्या पेशी गाठीच्या नव्हेत. त्यांच्यात हे प्रथिन असतेच. त्या रंगल्या नसतील तर चाचणीच फसली आहे, गाठीबद्दल ती काहीच सांगत नाही. म्हणून आधी रक्तवाहिनीकडे बघ.

मी हे चिडून लिहितो आहे, कारण हीच चूक माझ्या हातून झाली आहे. शनिवारी काढलेला तुकडा ऊतक टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनच्या अपुऱ्या द्रावणात सोमवारपर्यंत पडून होता. त्याच्या एटीआरएक्सच्या स्लाइडवर वाहिन्या फिक्या दिसल्या होत्या, हे मला आजही आठवते; पण शल्यचिकित्सकांना अहवाल हवा होता आणि मी ‘अ‍ॅस्ट्रोसायटोमा’ हा मेंदूच्या आधारपेशींच्या गाठीचा प्रकार लिहून मोकळा झालो. पुढे दुसरीकडे केलेल्या फिश या गुणसूत्रांच्या तपासणीत १पी आणि १९क्यू या दोन्ही गुणसूत्र-भुजांची प्रत्येकी एक प्रत नाहीशी झालेली आढळली. ती गाठ ऑलिगोडेंड्रोग्लिओमा या दुसऱ्याच प्रकारची होती. आमच्याकडे फिशची सोय नव्हती आणि बाहेर पाठवण्याचा खर्च रुग्णाच्या माथी पडला असता, हे खरेच होते. पण ‘अनिर्णित’ हा शब्द लिहायला पैसे लागत नव्हते.

आयडीएच बदललेल्या गाठीत एटीआरएक्स खरोखर गेले असेल तर १पी/१९क्यू न तपासताही अ‍ॅस्ट्रोसायटोमा म्हणता येते; ते टिकून असेल तर ती तपासणी टाळता येत नाही. ग्रेडचा प्रश्न यानंतरचा, कारण प्रकारानुसार शिडीच बदलते. ऑलिगोडेंड्रोग्लिओमा ग्रेड ३ वर थांबतो. अ‍ॅस्ट्रोसायटोमात मात्र सीडीकेएन२ए/बी या जनुकांच्या दोन्ही प्रती गेल्या असतील, तर ऊतकमृत्यू दिसत नसतानाही २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाप्रमाणे ग्रेड ४ होते. त्याच वर्गीकरणाने या गाठींच्या ग्रेडसाठी की-६७ ची कोणतीही टक्केवारी ठरवून दिलेली नाही. की-६७ विश्रांतीत नसलेली प्रत्येक पेशी रंगवते, आणि मोजणीचे क्षेत्र बदलले की आकडाही बदलतो. एच अँड ई या नेहमीच्या रंगाच्या स्लाइडवर मायटोसिस, म्हणजे विभागत असलेल्या पेशी, शोध, धीराने मोज. आठ टक्क्यांना त्या मोजणीच्या शेजारी बसव, तिच्या जागी नको.

उद्या गाठीच्या दुसऱ्या ब्लॉकवर, म्हणजे मेणात बसवलेल्या दुसऱ्या तुकड्यावर, एटीआरएक्स पुन्हा लाव, आणि या वेळी आधी रक्तवाहिनीकडे बघ. तिथे तपकिरी केंद्रके दिसेपर्यंत अहवालात ‘एटीआरएक्स अनिर्णित, १पी/१९क्यू तपासणी आवश्यक’ असेच राहू दे. शल्यचिकित्सक रागावले तर माझे नाव सांग. नवी छायाचित्रे पाठवशील तेव्हा प्रत्येक चौकटीत एक तरी वाहिनी असू दे.

तुझा,
सर