सह्याद्रीत बरीच वर्षं ट्रेक करतोय. एका आठवड्याच्या रजेत नेपाळचा अन्नपूर्णा बेस कॅम्प होईल का?

पाय साथ देतील, पण आठवडा पुरणार नाही.

तुम्ही लिहिलंय की हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने झालाय, अलंग-मदन-कुलंग झालाय आणि आता नेपाळमधल्या पोखरा शहराहून पाच दिवसांत वर जाऊन परत यायचा बेत आहे. पहिल्या दोन गोष्टी वाचून निर्धास्त झालो. तिसरी वाचली आणि राहवलं नाही, कारण नेमका हाच बेत आखून आम्ही चौघे गेलो होतो.

आपली सवय आठवा. शुक्रवारी रात्री निघायचं, पहाटे पायथ्याला, दुपारपर्यंत माथा, रविवारी रात्री घरी. दम लागला तर दोन मिनिटं टेकायचं आणि पुन्हा चढ धरायचा. सह्याद्रीत हे चालतं, कारण आपलं सर्वांत उंच कळसूबाई 1,646 मीटर आहे. अन्नपूर्णा बेस कॅम्प 4,130 मीटरवर, म्हणजे अडीच कळसूबाई. वाटेतल्या छोमरोंग गावातच तुम्ही कळसूबाईच्या वर असता. बेस कॅम्पला हवेचा दाब इतका कमी होतो की प्रत्येक श्वासातून समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपासच ऑक्सिजन मिळतो. शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात, आणि त्यात तुमच्या फिटनेसची फारशी मदत होत नाही. उलट दमदार माणूस भरभर वर जातो आणि तोच आधी आजारी पडतो.

आमच्यातला सर्वांत तयारीचा गडी असाच आजारी पडला. 2,900 मीटरच्या आसपास 'हिमालय' नावाचा मुक्काम आहे. तिथून आम्ही एका दिवसात थेट बेस कॅम्प गाठला. गाईड दाइ (नेपाळीत दाइ म्हणजे दादा) सकाळपासून 'बिस्तारै, बिस्तारै' म्हणत होते, म्हणजे हळूहळू. आम्ही ऐकलं नाही. संध्याकाळी मित्राचं डोकं ठणकायला लागलं, दालभात समोर तसाच राहिला, रात्री उलट्या सुरू झाल्या. अकराच्या सुमारास तो उठून दारापर्यंत गेला तेव्हा पाय अडखळत होते. तोल जाणं हे मेंदूला सूज येत असल्याचं लक्षण असू शकतं. दाइंनी आमचं मत विचारलं नाही. टॉर्च लावून दोघांनी दोन बाजूंनी त्याला धरलं आणि 3,700 मीटरवरच्या माछापुच्छ्रे बेस कॅम्पला उतरवलं. तिथे पहाटेपर्यंत तो बराच सावरला आणि उजाडल्यावर आम्ही आणखी खाली गेलो. त्या रात्री दाइ सोबत नसते तर आम्ही 'सकाळी बघू' म्हणून झोपलो असतो, हे आजही डोक्यातून जात नाही.

म्हणून सांगतो, पोखऱ्यानंतर चालायचे आठ दिवस धरा आणि घरून निघून घरी परत येईपर्यंत बारा. जीपने घान्द्रुक, मग छोमरोंग, मग बांबू किंवा दोभान, मग देउराली, मग माछापुच्छ्रे बेस कॅम्प, आणि सहाव्या दिवशी पहाटे वर. तीन हजार मीटरच्या पुढे रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त वर नको. उंचीच्या त्रासावरचं डायमॉक्स हे औषध घ्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर. डोकेदुखीवर गोळी घेऊन पुढे चढायचं मात्र कधीच नाही.

छोमरोंगच्या पायऱ्यांची मानसिक तयारी ठेवा. गावातून थेट नदीपर्यंत उतरायचं आणि पलीकडे तेवढंच चढायचं, येताना पुन्हा तेच. तुमच्या गुडघ्यांना ते नवीन नाही.

कागदपत्रांचं सोपं आहे. भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र ठेवा. 15 ते 65 वयाच्या माणसाला नुसतं आधार चालत नाही, तेवढ्यावरून विमानतळावर अडकलेले लोक पाहिले आहेत. स्वस्तात जायचं तर मुंबईहून रेल्वेने गोरखपूर, तिथून सोनौलीची सीमा, मग बसने पोखरा. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना सार्क देशांच्या नागरिकांना 1,000 नेपाळी रुपयांत मिळतो, म्हणजे आपले 625, कारण आपले 100 म्हणजे त्यांचे 160 हा दर बांधलेला आहे. परदेशी ट्रेकरनी परवानाधारक गाईड घ्यावा असा नियम नेपाळने 1 एप्रिल 2023 पासून केला. नियम नसता तरी मी घ्याच म्हटलं असतं. हेलिकॉप्टरची सुटका धरणारा विमाही काढा, आणि त्यात चार हजार मीटरच्या वरचा ट्रेक बसतो ना ते पॉलिसीत स्वतः वाचा.

ऋतू म्हणाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्चअखेर ते एप्रिल. पण ऑक्टोबरमध्येही बंगालच्या उपसागरावर लक्ष ठेवा. 2014 मध्ये विशाखापट्टणमला धडकलेलं हुदहुद वादळ दोनच दिवसांत अन्नपूर्णेच्या उत्तरेकडच्या थोरांग खिंडीवर बर्फ होऊन कोसळलं आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. देउरालीच्या आसपासच्या घळीत हिमप्रपात येतात. जानेवारी 2020 मध्ये तिथे ट्रेकर आणि त्यांचे गाईड गाडले गेले. ताजा बर्फ पडला असेल आणि गाईड थांबा म्हणाला तर थांबायचं. त्यासाठी एक दिवस हाताशी मोकळा ठेवा, आणि आठवड्याच्या रजेत तो कुठून येणार?

मी दोन वर्षांनी परत गेलो, त्याच मित्राबरोबर, या वेळी बारा दिवस घेऊन. पहाटे साडेपाचला आम्ही खोलीबाहेर पाय आपटत उभे होतो. समोर अन्नपूर्णेची दक्षिण भिंत. 8,091 मीटरचं हे शिखर 1950 मध्ये फ्रेंचांनी सर केलं, माणसाने गाठलेलं पहिलं आठ-हजारी. याच माथ्यावर 16 एप्रिल 2021 रोजी आपल्या साताऱ्याच्या प्रियांका मोहिते पोहोचल्या. पाठीमागे माछापुच्छ्रे, पवित्र म्हणून चढाईला बंद. 1957 ची ब्रिटिश मोहीमही माथा थोडक्यात सोडून मागे फिरली होती. ऊन आधी भिंतीच्या टोकाला लागलं आणि इंचाइंचाने खाली यायला लागलं. मित्राच्या हातात चहा होता, डोकं दुखत नव्हतं, आणि आम्हाला कुठेही पोहोचायची घाई नव्हती.

रजा वाढवून मिळत नसेल तर यंदा घान्द्रुक करून या, बेस कॅम्प पुढच्या वर्षी. तारखा ठरल्या की खाली लिहा, सामानाची यादी पाठवतो.