चौदा ओळी पुसल्या, यात काम ते काय?

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. मुलगा कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. गणिताची एक केटी राहिली आहे. चार महिने रात्र रात्र जागून लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मेमरीच्या भागातला न वापरलेला कोड काढत बसतो. नवीन काही बनवत नाही, पैसाही नाही. त्याचा मेल उघडून पाहिला, तर चौदा ओळी पुसल्या होत्या आणि तेही कुणा परदेशी माणसाने ‘दुसऱ्या प्रोसेसरवर बिल्ड मोडतो’ (म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयारच होत नाही) म्हणून सगळ्यांदेखत परत पाठवलं होतं. आता रात्री दहाला राऊटर बंद करतो. एमपीएससीकडे कसं वळवू?

उत्तर : केटीची मला फारशी काळजी वाटली नाही. मेलची वाटली. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलाचा मेल तुम्ही न विचारता उघडलात, त्यातली त्याची फजिती वाचलीत आणि शिक्षा म्हणून राऊटर बंद केलात. म्हणजे चूक झाली की घरी लपवायची, एवढंच तो यातून शिकेल. परत आलेलं काम ही त्या क्षेत्रातली रोजची गोष्ट आहे. कुणीतरी वेळ काढून नेमकं काय मोडलं ते सांगितलं, ही फुकटची शिकवणी झाली.

एमपीएससीसाठी आधी इच्छा त्याची हवी. गेट (एम.टेक. प्रवेशाची परीक्षा) तिसऱ्या वर्षातही देता येते. त्यावर याहून जास्त बोलण्यासारखं नाही.

आता ‘पुसणं म्हणजे काम नव्हे’ हा गैरसमज. कलमावरचं बांडगूळ काढायला तुम्ही मजुरी मोजता. तेव्हा ‘नवीन काय लावलंस?’ असं गड्याला विचारत नाही. नुसता पाला ओरबाडला तर ते पुन्हा फुटतं, चिकटलंय त्याच्या खालून फांदी कापावी लागते. कर्नलचंही तसंच. प्रोग्रॅम कर्नलला एक पत्ता देतो. तो त्याच्याच हद्दीतला आहे ना, हे कर्नल तपासतो. ‘सेट-एफएस’ नावाची जुनी सोय ही हद्द तात्पुरती उठवायची. 2010 मध्ये त्यातली गोम उघड झाली : हद्द उठलेली असतानाच कर्नलमध्ये बिघाड झाला, तर प्रोसेस आवरताना प्रोग्रॅमने आधी देऊन ठेवलेल्या पत्त्यावर शून्य लिहिलं जायचं, मग तो पत्ता कर्नलचा का असेना. दुसऱ्या चुकांची जोड मिळाली की साधा युजर थेट रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण मालक. ही सोय एक्स86 (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांचा प्रकार) मधून 5.10 आवृत्तीत (डिसेंबर 2020) निघाली, आणि शेवटचे अवशेष 5.18 मध्ये (मे 2022). काढायलाच इतकी वर्षं लागली, कारण प्रत्येक प्रोसेसरचा कोड वेगळा.

चिरंजीव नेमके तिथेच अडखळले. त्याला सांगा : एका फोल्डरात नव्हे, कर्नलच्या पूर्ण झाडात, म्हणजे सगळ्या फोल्डरांत, ‘गिट ग्रेप’ मारून नाव शोध. तरीही मॅक्रो (कंपाइल होताना कोड आपोआप भरणाऱ्या व्याख्या) दोन तुकडे जोडून जी नावं बनवतात ती सापडत नाहीत. म्हणून ‘ऑलमॉडकॉन्फिग’ (कर्नलचे शक्य तितके भाग बिल्डमध्ये घेणारी मांडणी) लावून एक्स86, आर्म64 आणि एखाद्या 32 बिट प्रोसेसरसाठी बिल्ड कर. शेवटचा वापर कधी गेला ते ‘गिट लॉग’ला ‘-एस’ (कॅपिटल) लावून बघ आणि पॅचच्या, म्हणजे पाठवायच्या बदलाच्या, मजकुरात लिही. आधी वापरणाऱ्या जागा काढ, मग मूळ फंक्शन. क्रम उलटा झाला तर मधला पॅच कंपाइल होत नाही आणि पुढे ‘बायसेक्ट’ करणारा (बिघाड कुठल्या पॅचने आला ते शोधणारा) शिव्या घालतो. सुधारलेला पॅच ‘व्ही2’ म्हणून पाठव, काय बदललं ते तीन डॅशच्या खाली. आणि खरं सांगायचं तर पहिल्या पॅचला मेमरीचा भाग निवडणं हा आगाऊपणाच. ड्रायव्हर्समधल्या ‘स्टेजिंग’पासून (अजून कच्च्या ड्रायव्हर्सचा भाग) सुरुवात करतात.

चौदा ओळी पुसून नोकरी मिळत नाही, हेही त्याला स्पष्ट सांगा. सफाईचे दहा पॅच झाले की एखादा खरा बग सोडवायला हवा. तेव्हा बेंगळुरू-पुण्यातल्या कर्नलवर काम करणाऱ्या कंपन्या विचारतात, कारण स्वीकारलेला प्रत्येक पॅच नावानिशी इतिहासात राहतो.

राहिला राऊटर. कर्नलचा पूर्ण इतिहास काही जीबींचा आहे आणि ‘गिट क्लोन’ (तो सगळा उतरवणं) मध्येच तुटला की पहिल्यापासून सुरू होतो. दहाला बटण बंद, म्हणजे रात्रीचं डाउनलोड वाया. त्याने कर्नल डॉट ऑर्गवरची बंडल फाइल (सगळा इतिहास एकाच फाइलीत) घ्यावी. ती तुटली तिथून पुढे उतरवता येते, तुमच्याकडे लाइट गेली तरी. केटीच्या पेपराआधीचे पंधरा दिवस राऊटर बंद ठेवायचा का, ते त्यालाच विचारा. आणि मेल उघडल्याबद्दल आधी माफी मागा.