देवमाशासारख्या गाठीवाल्या कडेचे फिन (बोर्डाच्या खाली मागच्या बाजूला असणारी पाती) कोल्हापुरात थ्रीडी प्रिंट करून सर्फबोर्डला लावले तर खरंच फरक पडतो का?

पडतो, पण बोर्ड जोरात वळवताना, सरळ जाताना काही कळत नाही. वळताना फिन पाण्यात तिरका होतो, कोन फार वाढला की पाणी त्याच्या अंगाला धरून वाहायचं सोडतं आणि बोर्डाची मागची बाजू एकदम सटकते. हंपबॅक देवमाशाच्या पराला पुढच्या कडेवर गाठी असतात, त्यामुळं ही पकड जास्त कोनापर्यंत टिकते, विंड टनेलमधे पराचं मॉडेल ठेवून हे तपासलेलं आहे. मी उद्यमनगरात फायबरचं काम करतो, फिन बनवून स्वतः वापरतो, त्यावरनं सांगतो, गाठींच्या आधी रेक (फिन मागं किती झुकलाय) आणि फ्लेक्स (तो किती लवतो) बघ भावा, कारण पायाला जाणवतं ते हेच. फिन मागं जास्त झुकलेला असला की वळणं लांब आणि स्थिर येतात, उभा असला की बोर्ड चटकन फिरतो, आणि बूड कडक ठेवून टोक लवचिक केलं की वळणातनं बाहेर येताना मस्त ढकल मिळते. प्रिंट करताना मात्र:

- फिन आडवा झोपवून प्रिंट कर, उभा केलास तर बुडाशी थरातनंच तुटतो
- साधं पीएलए प्लास्टिक नको, ६० अंशाच्या आसपास मऊ पडतं, मालवणला जाऊन गाडी उन्हात लावली की वाकलाच, पीईटीजी प्लास्टिक घे
- घासून गुळगुळीत कर आणि वरनं फायबरग्लास चढव

अजून नीट वळता येत नसेल तर हा खर्च करू नको, तीन फिनचा साधा थ्रस्टर सेटच लाव, १९८१ ला ऑस्ट्रेलियाचा सर्फर सायमन अँडरसन त्याच्यावर तिथल्या बेल्स बीचची सर्फिंग स्पर्धा जिंकला आणि आजपण बहुतेक शॉर्टबोर्डांना (आखूड सर्फबोर्डांना) तोच असतो.