बेळगावात कपड्यांच्या दुकानात चार वर्षं सेल्सचं काम केलंय, पण सर्टिफिकेट नाही. त्यासाठी अख्खा कोर्स करावा लागेल का?

नाही, अख्खा कोर्स करायची गरज नाही; तुमच्यासारख्यांसाठी ‘आरपीएल’ म्हणजे आधीच्या अनुभवाला मान्यता देणारी वाट आहे. त्यात थोडी ओळख-तयारी करून घेतात आणि मग थेट परीक्षा. रिटेलची, म्हणजे दुकानातल्या विक्रीच्या कामाची, मानकं (कामात काय काय यायला हवं त्याची यादी) ‘रास्की’ ही कौशल्य परिषद तयार करते आणि ती 2013 साली आलेल्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकटीत, म्हणजे एनएसक्यूएफमध्ये, बसवलेली असतात. सेल्स असोसिएटची, म्हणजे दुकानातल्या विक्रेत्याची, मानकं वाचलीत तर निम्मं काम ओळखीचंच वाटेल: माल मांडणं, गिऱ्हाइकाला हवं ते निवडायला मदत, तक्रार मिटवणं, चोरीवर नजर. गणपत गल्लीत दिवाळीच्या गर्दीत चाळीस साड्या उलगडून परत घडी घालणाऱ्याला हे नव्यानं काय शिकवणार! अडतं ते दोन ठिकाणी:

- उधारी किंवा हप्त्याच्या अर्जाची कागदपत्रं तपासणं
- आग, अपघात, सुरक्षेचे नियम तोंडानं नीट सांगता येणं

हात चालतो, पण परीक्षक ‘असं का केलंत?’ विचारतो तेव्हा आपली माणसं गप्प बसतात. तेवढं घोकून जा.

एक मात्र बघा, नाव नोंदवण्याआधीच केंद्रात विचारून घ्या की पेपर आणि तोंडी परीक्षा मराठीत आहे की कन्नडमध्ये. आणि ज्या कोर्सचं सर्टिफिकेट मिळणार, त्याचं नाव राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत, म्हणजे मान्य कोर्सच्या सरकारी यादीत, चालू दिसतंय ना, तेही तपासा. मुदत संपलेल्या कोर्सचा कागद घेऊन उपयोग नाही.