‘कुणीतरी’ म्हणजे कोण?

पत्र : ताई, मी सांगली जिल्ह्यातली. गेल्या जूनमध्ये बीड जिल्ह्यातल्या एका लहान गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले. आमचं घर माळकरी, माझीही देवावर श्रद्धा होती. इथे आल्यापासून ती कुठे गेली कळत नाही. दिवाळी झाली आणि वर्गातली निम्मी मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. घरोघरी जाऊन हात जोडले, कुणी ऐकलं नाही. सप्ताहाला वर्गणी निघते, वहीला पैसे निघत नाहीत. मी एवढं करते, त्याचं कुणाला काही नाही. राहायची तशी अडचण नाही, खोली बरी आहे, पाणीही सकाळी कुणीतरी दारात भरून ठेवतं. पण मन लागत नाही. नाथषष्ठीला पैठणला गेले, तीन तास रांगेत उभी राहिले, वाड्यातल्या रांजणात तांब्याभर पाणीही घातलं. काहीच वाटलं नाही. श्रद्धा परत कशी मिळवू? की सरळ बदली मागू?

उत्तर : पोरी, तुला ‘तू’च म्हणते. परभणीकडच्या शाळांत मी ३१ वर्षं काढली आहेत, तेवढा हक्क घेते.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच शब्दाशी अडले. कुणीतरी. पाणी सकाळी कुणीतरी भरून ठेवतं.

कोण? जून ते मार्च झाले. कुठलं लेकरू कोणत्या तारखेपासून गैरहजर आहे ते तुला तोंडपाठ असेल, हजेरीपटावर तूच लिहितेस. तुझ्या माठातलं पाणी कुणाच्या डोक्यावरून येतं, हे मात्र तू एकदाही विचारलं नाहीस. मला राग आला, तो मी झाकत नाही.

तू कृष्णेकाठची. बीडकडे मार्च लागला की हापसा किती तरी वेळ नुसता खडखडतो, मग कुठे करंगळीएवढी धार लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी रेल्वेने आणावं लागलं होतं, तेही तुमच्याच मिरजेहून. अख्ख्या शहराची ती गत, तर आडगावाचं काय सांगायचं? भरली घागर दहा-बारा किलोची होते. तुझ्या दारात ती येते म्हणजे कुणाच्या तरी घरात तेवढं पाणी कमी पडतं. आणि एक हिशोब तूच कर. गावातली धडधाकट माणसं दिवाळीपासून उसाच्या फडावर आहेत. मागे राहिलीत म्हातारी माणसं आणि त्यांच्यापाशी ठेवलेली लेकरं. मग ती घागर उचलणारे हात केवढे असतील?

ऊसतोडीला गेलेली लेकरं तुझ्या शाळेवर रुसून गेली नाहीत, हेही जाता जाता सांगते. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, नवराबायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून घेतात. ती फेडायला दोघांनाही जावं लागतं. मागे सांभाळायला आजी नसली की लेकरू फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, जातं. आईबाप ऊसतोडीला गेले तरी लेकरं मागे राहून शिकावीत यासाठीचं हंगामी वसतिगृह गावात नीट चालावं म्हणून पुढच्या दसऱ्याआधी धडपड कर, दिवाळीनंतर हात जोडून काय होणार?

आता पैठणचं. घरात माळ आहे म्हणजे श्रीखंड्याची गोष्ट तुला आजीने सांगितलीच असेल. साक्षात द्वारकेचा राणा श्रीखंड्या होऊन बारा वर्षं एकनाथांच्या घरी कावडीने पाणी वाहत होता आणि नाथांना पत्ता नव्हता. त्याच्या आठवणीने तो रांजण अजून भरतात. त्याच रांजणात पाणी घालायला तू तीन तास रांगेत उभी राहिलीस, आणि त्या पहाटे निघताना आंघोळ केलीस ती दारातल्या घागरीच्या पाण्याने. तिथे काही वाटलं नाही म्हणतेस. मला त्याचं नवल वाटत नाही.

आता बक्षिसी घेऊन धावू नकोस. ती चूक मी करून बसले आहे. माझी पहिली शाळा जिंतूर तालुक्यात. शेजारची एक बाई रोज संध्याकाळी ज्वारीच्या दोन भाकरी फडक्यात बांधून माझ्या दाराच्या कडीला अडकवून जायची. महिना झाला, फुकटचं खाते असं वाटून मी पन्नासाची नोट घेऊन तिच्या ओट्यावर गेले. तिने नोटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “माय, म्या काय खानावळ घातली का?” एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशीही भाकरी आल्या, पण लेकराच्या हाती. ती स्वतः माझ्या दारी पुन्हा कधी आली नाही. म्हणून सांगते, पैसे नको, लुगडं नको, शाळेत सत्कार तर मुळीच नको.

उद्या पहाटे चारला ऊठ. दिवा लावू नकोस, दाराशी बस. घागर टेकवल्याचा आवाज येईल, तेव्हा दार उघड. म्हातारी असली तर पाया पड, लेकरू असलं तर आत घे. नाव विचार. ती माणसं ओशाळतील, ‘ऱ्हाऊ द्या म्याडम’ म्हणतील. ऐकू नकोस. परवापासून आपली रिकामी घागर घेऊन त्यांच्याबरोबर हापशावर जा, रांगेत त्यांच्या मागे उभी राहा आणि भरलेली पहिली घागर त्यांच्या घरी नेऊन ओत. उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत रोज. बदलीचा अर्ज त्यानंतर लिहायचा तर लिही, तोवर कागदाला हात लावू नकोस. नाथांना कळलं तेव्हा श्रीखंड्या निघून गेला होता. तुझ्या दारी येणारं माणूस उद्याही येणार आहे.

पहिले काही दिवस घागर डोक्यावर ठरणार नाही, अंगावर पाणी सांडेल, मान दुखेल. ओढणीची चुंबळ चांगली होते. ती तू वळू नकोस, त्यांच्याकडून वळून घे.