पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेस डेटाबेसला टर्मिनलवरून क्वेरी पाठवायचा प्रोग्राम) क्वेरीत नागपूर टाकलं की "कॉलम नाही" असा एरर काऊन येते?

भाऊ, नागपूर नावाचा कॉलम तुमच्या टेबलात नाहीच ना, पोस्टग्रेस बिचारा खरंच सांगून राह्यला. तुमची ओळ अशी आहे (-सी म्हणजे पुढची क्वेरी चालव):

पीएसक्यूएल -सी 'सिलेक्ट * फ्रॉम कस्टमर व्हेअर सिटी='नागपूर''

आतली क्वेरी पीजीॲडमिनमध्ये (पोस्टग्रेसचा खिडकीवाला प्रोग्राम) चालते म्हणता, चालणारच, तिथं मधात शेल नाही, म्हणजे टाकलेली कमांड आधी वाचणारा बॅशसारखा प्रोग्राम. टर्मिनलवर कोट आधी बॅश वाचते आणि उरलंसुरलं पोस्टग्रेसकडे जाते. बॅशने पहिला सिंगल कोट उघडला, तो सिटी= च्या पुढे बंद झाला, नागपूर उघडं पडलं, शेवटचे दोन कोट रिकामे, म्हणजे डेटाबेसला मिळालं सिटी=नागपूर, बिनकोटाचं. मग तो त्याला कॉलम समजणार नाही तर काय.

एररमधलं स्पेलिंग पाहा. तुम्ही इंग्रजीत मोठा एन टाकला आणि एररमध्ये लहान आला, तर कोट बॅशने खाल्ले, कारण बिनकोटाचं नाव पोस्टग्रेस लहान अक्षरांत करून टाकते. मोठाच राह्यला तर तुम्ही आत डबल कोट दिले असतील, ते पोचले, पण पोस्टग्रेसमध्ये डबल कोट म्हणजे टेबल-कॉलमचं नाव. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ते स्ट्रिंग (साधा मजकूर) म्हणून चालतात, तिकडून आलेले लोक इथंच अडकतात. आणि नागपूरच्या जागी सिव्हिल लाइन्स टाकलं तर अजून मजा, मधल्या स्पेसवर तुकडा पडते आणि -डी (डेटाबेसचं नाव) दिला नसेल तर "लाइन्स नावाचा डेटाबेस नाही" म्हणते!

बाहेर डबल, आत सिंगल:

पीएसक्यूएल -सी "सिलेक्ट * फ्रॉम कस्टमर व्हेअर सिटी='नागपूर'"

फक्त डबल कोटात $ आणि ` बॅश सोडत नाही. मायएसक्यूएलवाले टेबलचं नाव ` मध्ये टाकतात, ते बॅश कमांड समजून चालवायला जाते. शंका आली की पीएसक्यूएलच्या आधी इको (मिळालेलं तसंच छापणारी कमांड) लावून पाहा, पुढे काय जाऊन राह्यलं ते समोर दिसते. नावातच कोट असेल, जसं डि'सूझा, तर तो दोनदा लिहा, डि''सूझा.

क्वेरी मोठी असली तर हा खेळ सोडा, फाइलमध्ये लिहून -एफ ने चालवा, मी तर बहुतेक तेच करतो. स्क्रिप्टमधून नाव येणार असेल तर स्ट्रिंग जोडत बसू नका, -व्ही नाव=... द्या आणि फाइलमध्ये :'नाव' लिहा, कोट पीएसक्यूएल स्वतः नीट लावते. हे -सी सोबत मात्र चालत नाही, त्यात लोकांचा खूप वेळ जाते.

विंडोजच्या सीएमडीवर असाल तर बाहेर सिंगल कोट चालतच नाहीत, तिथंही डबलच द्या.